पट्ट्याचा एक फेरा

काकांचा दहावा दुर्गला शिवनाथच्या काठी झाला आणि दुपारी मी एकटाच भिलाईत आलो. स्लॅग ओतल्यावर लाल होणारं रात्रीचं आभाळ, मैत्रीबाग, रशियन इंजिनिअर यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला फक्त सेक्टरमधली ती रुंद, सावलीची सडक बघायची होती. पूर्वी पोलाद कारखान्याची पाळी सुटली की त्याच्या बोरिया गेटकडून सायकलींचा लोंढा यायचा. त्यात काका कुठे आहेत ते दुरूनच कळायचं. सगळे दामटत निघायचे, ते कधीच घाईत नसायचे.

काका तुमसरकडचे. १९५६पर्यंत दुर्गचीही राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना भिलाई परमुलूख वाटली नाही. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर दोनेक वर्षांत काका फिटर म्हणून लागले. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज रेल्वेने कारखान्यात येतं आणि आत कन्व्हेयरच्या पट्ट्यांवरून पुढे सरकतं. त्या पट्ट्यांची देखभाल त्यांच्याकडे होती.

आयटीआय करून मी तिथेच अप्रेंटिस होतो, तेव्हाची एक रात्रपाळी माझ्या मनातून जात नाही. गॅलरीत लाल धूळ, कानठळ्या बसवणारा खडखडाट, आणि पट्टा एका अंगाला सरकून फ्रेमला घासत होता. मी वर-खाली बॅटरी मारत बसलो. "काय पाहून रायला? आयक," काका म्हणाले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी एका रोलरच्या स्थिर आसाला टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. त्या गदारोळात एक बारीक करकर वेगळी ऐकू आली. बेअरिंग गेलं होतं. त्यावर खडूची खूण करून बदली पुढच्या शटडाउनवर ठेवली. मग ते सरकण्याकडे वळले. पट्टा ज्या टोकाशी रोलरला आधी भेटतो, त्या टोकाकडे सरकतो. त्यांनी एका रोलरच्या स्टँडला हातोडीचा हलका ठोका दिला आणि थांबले. मी दुसरा ठोका द्यायला पुढे झालो तर माझा हात धरला.

"एक फेरा होऊ दे बे."

पट्टा लांब होता. जोडाची जागा परत समोर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. मग त्यांनी आणखी एक फेरा जाऊ दिला. पट्टा हळूहळू मधे आला. त्या वेळात त्यांनी माझा हात सोडला नव्हता. घरी त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही.

आज मी नागपूरबाहेर एका स्वयंचलित पार्सल केंद्रात मेकॅनिक आहे. इथेही पट्टेच आहेत, फक्त खनिजाऐवजी खोकी. स्कॅनर बारकोड वाचतो आणि सॉर्टर खोकं त्याच्या गावाच्या घसरगुंडीत टाकतो. पुठ्ठ्याचा भुगा फोटोसेन्सरवर बसला की यंत्राला रिकाम्या जागी खोकं दिसतं आणि सगळं अडतं. भिलाईचा, ४९०ने सुरू होणारा पिन कोड दिसला की माझी नजर त्या खोक्यावर जरा जास्त रेंगाळते. ही पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला आली, ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेली. ते डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांनी महाराष्ट्र आणि भिलाई ४ या एकाच पहिल्या आकड्याखाली ठेवले, याचं मला अजून बरं वाटतं.

पण इथे फेऱ्याला वेळ नाही. पट्टा सरकला की हातातल्या टॅबवर मिनिटं धावू लागतात. नवी मुलं हुशार आहेत, मोटरचा ड्राइव्ह माझ्यापेक्षा चांगला समजतात. पण एक नट फिरवला की लगेच दुसरा फिरवतात, कारण मागे कुणीतरी "झालं का?" विचारत असतं. मग पट्टा दुसऱ्या अंगाला जातो, कड फाटते आणि दोष त्या मुलाच्या नावावर पडतो. मी एकदा दोन फेरे थांबलो, तर कामात दिरंगाई म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. ते मला अजून लागतं, कारण त्या दिवशी पट्टा सरळ झाला होता.

म्हणून अशी केंद्रं चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. नव्या मुलाला टॅब देण्याआधी काही महिने जुन्या फिटरबरोबर रात्रपाळीला ठेवा. आणि तो हातोडी खाली ठेवून नुसता उभा दिसला, तर त्याला हटकू नका. तो काम करतो आहे.