फड, भजन आणि ‘अग्नी’

आज नारायणगावात ‘साधो रे’ पुन्हा ऐकलं. पुण्याच्या ‘अग्नी’ या रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम २००७ साली आला, त्यातलं हे गाणं. शब्द कबीराचे, आवाज मोहन कन्नन यांचा. सारं जग म्हणजे मर्त्यांचा गाव, हे सत्य गिटारच्या सुरांत असं उतरलं की अंगावर काटा येतो.

रॉक म्हणजे शहराचं, इंग्रजीचं, असं इथे अनेकांना वाटतं. पण आमचा कान कसा घडला? पाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावाला खडा आवाज नवा नाही. तिकडे ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी. भजन तर रक्तातच. तमाशाचा जोर आणि भजनाचा अर्थ, दोन्ही मला या अल्बममध्ये भेटतात.

पुढे ‘आहटें’ या गाण्यामुळे हा बँड घराघरांत पोचला. तरी माझ्या लेखी ‘अग्नी’चं खरं मोल या पहिल्या अल्बममध्येच आहे. जुन्नर-आंबेगावच्या पोरांनो, हातात गिटार घ्याल तेव्हा आपले संत सोबत घ्या.