हरणांच्या गळ्यातली आडनावे

लिस्बनच्या रोसियू स्टेशनात गाडीत बसले की पाऊण तासाच्या आत माणूस सिंत्राला उतरतो. डोंगराच्या कुशीतले टुमदार गाव. तिथला जुना राजवाडा कोणता, हे कोणाला विचारावे लागत नाही. उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यांसारखी दोन पांढरीशुभ्र प्रचंड धुराडी दुरूनच दिसतात. प्रत्येकाची उंची ३३ मीटर! आणि ही धुराडी कशाची, तर मुदपाकखान्याची. ज्या राजाच्या स्वयंपाकघराचा धूर एवढ्या थाटाने बाहेर पडतो, त्याच्या पंगतीला किती पाने बसत असतील याचा अंदाज घरच्या गृहिणींनीच करावा.

पण मी तिथे गेलो तो छत बघायला. या वाड्यातली छते एकाहून एक सरस आहेत. एकावर तर नुसते हंसच हंस रंगवले आहेत. तरी सगळ्यांवर कडी करणारे दालन म्हणजे ‘सालाः दुश ब्राझाँयश’, अर्थात कुलचिन्हांचे दालन. राजा मानुएल पहिला याने ते सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधून घेतले. याच मानुएलच्या कारकिर्दीत, १४९८ साली, वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला. तेव्हा त्या छतावरच्या सोन्याच्या झळाळीला आपल्याकडच्या मिऱ्यांचा थोडाफार वास येत असला तर नवल नाही.

दालनात पाऊल टाकले की मान आपोआप मागे जाते. घुमटाच्या अगदी मध्यावर राजाचे चिन्ह, त्याच्याभोवती त्याच्या आठ मुलांची चिन्हे, आणि खाली हरणांची रांगच रांग. प्रत्येक हरणाच्या गळ्यात एक ढाल. अशी ७२ हरणे आणि ७२ घराणी. भिंतीवरून फिरणाऱ्या सोनेरी अक्षरांचा भावार्थ असा, की ही व अशी चिन्हे पराक्रमाने व एकनिष्ठ सेवेने मिळवलेली आहेत. त्याच्या खाली निळ्या-पांढऱ्या फरशांवर शिकारीची चित्रे आहेत, पण तिकडे माझे लक्ष फारसे गेले नाही. मी वरची नावे वाचण्यात गुंगलो होतो.

आणि ती नावे कोणती म्हणता? सौझा, परेरा, सिल्वा, नोरोन्हा, मिनेझिस, आल्मेडा, कोस्ता, मिरांडा, कुन्हा, कॅस्ट्रो! मला तर एखाद्या गिरगावातल्या किंवा माहीमच्या चाळीच्या जिन्याखालच्या पाट्याच वाचल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की येथे त्या पाट्या हरणांच्या गळ्यात होत्या.

या ढाली वाचण्याची एक गंमत आहे. पुष्कळदा आडनावाचा अर्थच चित्रात उतरलेला असतो. कब्राल घराण्याच्या ढालीवर दोन बकऱ्या, कारण पोर्तुगीजांत बकरीला ‘काब्रा’ म्हणतात. कोएल्यू म्हणजे ससा, म्हणून कोएल्यूंच्या ढालीच्या किनारीवर सशांची रांग. कोस्ता घराण्याने तर कमालच केली आहे! ‘कोश्ता’चा एक अर्थ बरगडी, तेव्हा लाल ढालीवर सहा रुपेरी बरगड्या. ज्याला अक्षरओळख नाही त्या शिपायानेही युद्धाच्या धुळीत ढाल पाहून धनी ओळखावा, यासाठी ही सारी खटपट सुरू झाली. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, पण त्यांनी मात्र झाड न घेता पोकळ रुपेरी क्रूस घेतला. सौझा आणि आल्बुकर्क यांच्या ढालींत खुद्द राजचिन्हाचा तुकडा दिसतो. राजाच्या अनौरस संततीपासून आलेले हे रक्त. आपल्याकडे अशी गोष्ट चार भिंतींत ठेवतात. यांनी ती ढालीवर रंगवून छताला लावली.

आपल्या मराठा घराण्यांतही देवक असते. कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव. पण देवक राजा देत नाही, आणि म्हणून राजाला ते काढूनही घेता येत नाही. सिंत्राच्या ढालींचे तसे नाही. ७२ पैकी एक चिन्ह आज तिथे नाही. ते तावोरा घराण्याचे.

या तावोरांचा आपल्याशी संबंध आहे. मार्क्विस फ्रान्सिस्को द आसिस द तावोरा हा १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा व्हाइसरॉय होता. त्याची बायको दोना लिओनोर हीही त्याच्याबरोबर गोव्यात राहून गेली. ती दोघे मायदेशी परतली आणि चारच वर्षांनी, ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री, राजा जुझे याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. राजा वाचला. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून गाजलेल्या प्रधानाने आळ आणला तो तावोरांवर आणि आव्हेरूच्या ड्यूकवर. १३ जानेवारी १७५९ रोजी बेलें येथे भर चौकात दोना लिओनोरचा शिरच्छेद झाला. तिचा नवरा, मुलगे आणि ड्यूक यांचेही हाल करून प्राण घेतले गेले. तेवढ्याने राग निवला नाही. तावोरा हे आडनाव लावायलाच बंदी झाली. त्यांची चिन्हे जिथे असतील तिथून खरवडून काढण्याचा हुकूम सुटला. आव्हेरूच्या ड्यूकचा वाडा पाडून त्या जागेवर मीठ पेरले, की पुन्हा तिथे काही उगवू नये. बेलेंच्या त्या बोळात शिक्षेचा दगडी खांब अजून उभा आहे. बाजूलाच मिठाईचे एक नावाजलेले दुकान आहे आणि लोक रांगेत उभे राहून गरम टार्ट खात असतात. खांबाकडे कोणी वळून बघत नाही.

पुढे १७८१ मध्ये खटल्याची फेरतपासणी होऊन तावोरा निर्दोष ठरले. छतावरचे चिन्ह मात्र परत आले नाही. अडीचशेहून अधिक वर्षे झाली; माणसे मेली, तो राजा गेला, १९१० मध्ये पोर्तुगालातली राजेशाहीच गेली, आणि पुसलेले तसेच राहिले.

वाड्याबाहेरच्या चढणीवर एका दुकानात लाकडी ढाली विकायला होत्या. तुमचे आडनाव सांगा, तुमची ढाल घ्या! मी दुकानदाराला विचारले, “मुंबईचा एखादा परेरा आला तर?” तो म्हणाला, “परेरा तो परेरा. पंचवीस युरो.”

खरे म्हणजे ढाल आडनावाची नसतेच. ती विशिष्ट घराण्याची, आणि त्यातही वारसाहक्काने येणारी. मग गोव्यातल्या परेरांचे काय? बाप्तिस्म्याच्या वेळी जो पाद्री किंवा धर्मपिता असे, त्याचे आडनाव नव्या ख्रिस्त्याला मिळे. कालपर्यंत शेणवी, नायक म्हणवणारे एका दिवसात सौझा आणि मिनेझिस झाले. कधी सख्ख्या भावांच्या वाट्यालाही निरनिराळी नावे आली. त्यांच्या हाती नाव आले, पण हरणाच्या गळ्यातली ढाल आली नाही. ते आडनाव त्यांनीच चार शतके शेतीभाती करून, गाणी गाऊन, आगबोटींवर नोकऱ्या करून वाढवले. त्यांच्याकडून ते कोणी काढून घेतले नाही.

ज्यांना सिंत्रापर्यंत जाणे जमणार नाही त्यांनी जुन्या गोव्याला जावे. तिथल्या सेंट फ्रान्सिस आसिसीच्या चर्चमध्ये वर बघू नका, खाली बघा. सारी फरशी पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या दगडांची आहे आणि कित्येकांवर त्याच ढाली कोरलेल्या आहेत. फार जवळ जाऊन, वाकून, बोटाने चाचपून पाहिले तर एखादा सिंह किंवा क्रूस लागतो. बाकीचे भाविकांच्या आणि आता सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झाले आहे.