रिकामा रकाना

प्रवासाचा बेत आंखणें हा प्रत्यक्ष प्रवासापेक्षांहि सुखाचा व्यवसाय आहे, असें माझें कित्येक वर्षांचें मत होतें. बेतांत गाडी चुकत नाहीं, पायांत गोळे येत नाहींत आणि खर्चाचा आंकडा पेन्सिलीनें खोडतां येतो. म्हणून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं पत्नीसह जावयाचें ठरतांच मीं एक कोरी वही घेतली, रेघा ओढल्या आणि चार दिवसांचे सारे तास रकान्यांत बसविले.

वही भरून जावी असेंच तें शहर आहे. समुद्राला लागून सुमारें ७ किलोमीटर लांबीचा फिरण्याचा रस्ता. हिवाळ्यांत ऊन खावयास येणाऱ्या इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत त्याचा आरंभ केला, म्हणून त्याला आजहि त्यांचेंच नांव आहे. किनाऱ्यावर वाळू नाहीं, गोटे आहेत. तेव्हां जाड तळव्यांचे जोडे हवेत, हेंहि मीं टिपलें. सिमिए टेकडीच्या वाटेवर शागालचें १९७३ सालीं उघडलेलें चित्रसंग्रहालय. टेकडीवर तांबड्या रंगाच्या जुन्या वाड्यांत मातिसचें, १९६३ सालचें. दोन्ही मंगळवारीं बंद! हें उमगलें तेव्हां एखादा शोध लावल्याचा आनंद मला झाला. मंगळवारीं मीं जुन्या पेठेंतील फुलबाजार घातला; कारण सोमवारीं तेथें फुलांऐवजीं जुन्यापुराण्या वस्तू विकतात.

वही मोठ्या अभिमानानें पत्नीपुढें ठेवली. तिनें ती डोळ्यांजवळ नेऊन, मान थोडी कलती करून वाचली. दोन वर्षांपूर्वीं तिला काचबिंदु असल्याचें कळलें. औषधानें तो आवरून धरतां येतो. गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. शाळेंत असतांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती. पुढें संसारांत तिचे कुंचले कोठें गेले, हें मीं कधीं विचारलें नाहीं. ही यात्रा कशासाठीं आहे, तेंहि आम्हीं एकमेकांना बोलून दाखविलेलें नाहीं.

“सगळें छान आहे,” ती म्हणाली, “पण ऊन केव्हां पाहायचें?”

“ऊन काय, तें तेथें असणारच!”

“मातिसला कुठें मिळालें लगेच?”

१९१७ च्या डिसेंबरांत मातिस नीसला आला तो थोड्या दिवसांकरितां. पावसानें त्याला खोलींत कोंडून ठेवलें. कंटाळून तो निघणार, तोंच वाऱ्यानें आभाळ झाडून काढलें. सकाळचा प्रकाश दिसला आणि त्याचा जाण्याचा बेत राहिला. खोलीची उघडी खिडकी आणि पलीकडचा समुद्र त्यानें पुढें पुन्हा पुन्हा रंगविला. १९४१ सालच्या शस्त्रक्रियेनंतर उभें राहून रंगविणें अवघड झालें, तेव्हां तो रंगविलेले कागद कात्रीनें कापून चित्रें करूं लागला. १९५४ सालीं त्याच शहरीं तो वारला. त्याची कबरहि सिमिएलाच आहे.

हें सारें मीं आणलेल्या पुस्तकांतच होतें. मीं त्यांतून फक्त उघडण्याच्या आणि मिटण्याच्या वेळा टिपल्या होत्या.

“घड्याळच पाहायचें, तर तें आपल्या भिंतीवर आहे,” असें म्हणून तिनें खोडरबर माझ्याकडे सरकविलें. बुधवार मीं पुसून टाकला.

आतां पंचाईत अशी कीं, प्रवेशपरवान्याच्या अर्जाला रोजचा कार्यक्रम जोडावयाचा आहे. तीन दिवस सुवाच्य अक्षरांत भरले आहेत. काल रात्रीं बुधवारपुढें पेन्सिल धरून मी बसलों होतों. “काय लिहूं?” असें विचारलें, तर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “विमानांत रंगांची पेटी नेऊं देतात का, तेवढें विचारून ठेवा.”

वहीच्या शेवटच्या पानावर, सामानाच्या यादींत, जोड्यांच्या खालीं मीं रंगांची पेटी लिहिली आहे. बुधवारचा रकाना अजून रिकामाच आहे.