दूध, मीठ आणि काळ

आपल्या मराठी घरांत दूध नासणे ही घटना जवळजवळ अशुभच मानली जाते; सणाच्या सकाळी पातेल्यातले दूध फाटले की गृहिणीचा चेहरा उतरतो, आणि ताकात निःशंकपणे मीठ घालणारी तीच गृहिणी दुधात मात्र मिठाचा कण पडू देत नाही, कारण क्षीर आणि लवण यांचा संयोग आयुर्वेदाने विरुद्धाहारात गणला आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या मला चीजची वाट दाखवली ती भोपाळने. 1956 साली राज्यपुनर्रचनेनंतर राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला, आणि दफ्तरांच्या पाठोपाठ जी मराठी कारकून मंडळी बिऱ्हाडे घेऊन इकडे आली, त्यांना जुन्या शहरातल्या नमकवाल्या चहाचा पहिला घोट केवढा विलक्षण वाटला असेल! दुधाचा चहा, आणि त्यात चिमूटभर मीठ! परंतु तो घोट घशाखाली उतरला की ध्यानात येते, मिठाने दुधाची गोडी मारली नाही, उलट तिला एक प्रौढपण आणले. ज्याला हा चहा रुचला त्याला चीज परके राहत नाही. दूध, मीठ आणि काळ यांखेरीज त्या पदार्थात फारसे काही नसतेच.

यांतून मीठ आणि काळ हे दोन्ही वजा केले की पनीर उरते. आंबट घालून दूध फाडण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचवलेल्या ‘मानसोल्लासा’त अशा फाडलेल्या दुधाच्या चोथ्याची पक्वान्ने वर्णिली आहेत. भोपाळात स्तूपाचे नाव धारण करणाऱ्या ‘साँची’ संघाचे पनीर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, तरीही हिवाळ्यात ते घरी करण्यात जे सुख आहे ते निराळेच. म्हशीचे दूध उतू जाण्याच्या बेतात आले की आच मंद करावी, लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडत पळी हळुवार फिरवावी, आणि पाणी हिरवट, नितळ दिसू लागताच हात आवरावा. एक थेंब अधिक पडला तरी पनीर रबरासारखे चिवट होते. पंचात बांधून वरवंट्याखाली दाबलेला तो गोळा अजून कोमट असतानाच कापून, वर नुसती मिरपूड आणि मीठ भुरभुरून खावा. मसालेदार रश्श्यात बुडवलेल्या पनीरला स्वतःची चव उरतच नाही, असे माझे ठाम मत आहे.

लिंबाच्या आम्लाने फाटलेले दूध तव्यावर तांबूस होते, परंतु वितळत नाही. ज्या चीजच्या तारा सुटतात ते बहुधा रेनेटने, म्हणजे मूळच्या रीतीप्रमाणे वासराच्या जठरातील पाचक रसाने, विरजलेले असते. आता वनस्पतिजन्य आणि सूक्ष्मजीवजन्य रेनेटही सर्रास वापरतात. शाकाहारी माणसाने वेष्टन वाचून घ्यावे, कारण इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोला वासराचेच रेनेट लागते. त्याच इटलीतल्या कंपानिया प्रांताची मोझरेला म्हशीच्या दुधाची, म्हणून आपल्याला निकटची वाटते. तीही पनीराप्रमाणे ताजी असतानाच खावी.

काळाचे कर्तृत्व पाहायचे तर पार्मिजानोच पाहावे. सुमारे चाळीस किलोचे ते चाक किमान 12 महिने, आणि पुष्कळदा 2-3 वर्षे, फळीवर स्वस्थ पडून असते. त्या अवधीत आतली प्रथिने हळूहळू तुटतात आणि पांढरे स्फटिक जमतात, ते दाताखाली करकरतात. त्याच्या चकत्या पाडू नयेत; सुरीच्या टोकाने खडे उकरावेत, आणि सोबतीला कोल्हापुरी गुळाचा बारीक तुकडा घ्यावा. ही जोड इटालियनांना ठाऊक नसेल, पण मला तिच्याहून सरस जोड सापडलेली नाही.

कोणतेही मुरलेले चीज शीतकपाटातून काढल्याबरोबर खाणे हा त्याच्यावर अन्याय होय. थंडीने स्निग्धांश गोठतो आणि सुगंध त्यातच अडकून पडतो. म्हणून भोपाळच्या जानेवारीत तासभर आधी, आणि मे महिन्यात पंधराच मिनिटे आधी, ते बाहेर काढावे. उन्हाळ्यात याहून अधिक वेळ बाहेर राहिले तर त्याला घाम फुटतो.

फ्रान्सचे रोकफोर मेंढीच्या दुधाचे, आणि कोंबालू डोंगराच्या नैसर्गिक गुहांत निळ्या बुरशीने मुरवलेले. 1411 साली सहाव्या चार्ल्स राजाने रोकफोर गावाला हे चीज मुरवण्याची एकाधिकाराची सनद दिली, आणि 1925 मध्ये फ्रेंच कायद्याने त्याच्या नावाला संरक्षण दिले. बुरशीचे नाव काढताच आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. परंतु सिहोरच्या शरबती गव्हाची पोळी, तिच्यावर नखाएवढे रोकफोर आणि मधाचा एक थेंब, एवढे तोंडात घेतले की त्या आठ्या आपोआप मावळतात. मात्र अनेक चीजे एका बैठकीत चाखायची असतील तर पनीर आणि मोझरेला आरंभी, पार्मिजानो मध्ये आणि हे निळे अगदी अखेरीस घ्यावे, कारण त्याची चव जिभेवर रेंगाळते आणि तिच्यापुढे सौम्य चीजांचे काही चालत नाही.