बाबांचा पाय आणि पद्मिनीचा ब्रेक

शनिवार सकाळ. ऑफिसचा लॅपटॉप बंद, आणि मी पार्किंगमध्ये आमच्या पद्मिनीच्या मागच्या डाव्या चाकासमोर फतकल मारून बसलेलो. शेजारचे काका जाता जाता म्हणाले, "अरे, भंगारात दे आता ती." मी नुसता हसलो. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्यासुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात निघाल्या, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी नाशकात अजून आहे याचंच लोकांना नवल :)

पण आमची गाडी सहा वर्षं उभी राहिली ती जुनी झाली म्हणून नाही. कसारा घाट उतरताना बाबांनी ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला गेलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठणठणीत! गॅरेजमध्ये दाखवली तर तिथेही काही सापडलं नाही. मग बाबांनी स्वतःच निदान केलं, "गाडी ठीक आहे रे. माझ्याच पायात जोर उरला नाही." त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही.

तर, चाक काढलं. ड्रम काही केल्या निघेना, शेवटी तासाभराने निघाला. (जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.) पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागच्या चाकाच्या छोट्या सिलिंडरमध्ये दोन पिस्टन असतात. पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल त्यांना बाहेर ढकलतं, ते शूला ढकलतात आणि शू ड्रमला घासतो. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्येही तत्त्व हेच. आमचा एक पिस्टन हलत होता, दुसरा गंजून बाहेरच अडकलेला. म्हणजे ते चाक ब्रेक न दाबताही घासत होतं.

आणि तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० वर येते. ओलीने पिस्टन गंजला, चाक घासून तापलं, घाटात ते पाणेरी तेल उकळलं. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली गेलं. गार झाल्यावर वाफ विरली, ब्रेक परत आला. आमच्या भाषेत सांगायचं तर रिप्रोड्यूस न होणारा बग!

आता पिस्टन सोडवायचा कसा? हातोडीचा मोह टाळला, बिडाचा सिलिंडर तडकतो. पंक्चरवाल्याची हवाही नको, दाबलेली हवा पिस्टनला गोळीसारखी उडवते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. रविवारी शू काढले, हलणारा पिस्टन सी-क्लॅम्पने घट्ट दाबून धरला, म्हणजे सगळा दाब अडकलेल्यावरच येणार. पॅडलवर मात्र दुसरं माणूस हवं.

"बाबा, जरा पॅडल दाबता?"

"मी? अरे, माझ्या पायात.."

"दाबा हो."

एकदा, दोनदा.. काहीच नाही. पाचव्यांदा 'कट्ट' आवाज आला आणि पिस्टन केसभर सरकला. मग हळूहळू, प्रत्येक दाबाबरोबर थोडा थोडा. शेवटी बाहेर येऊन पडला, मागोमाग चहाच्या रंगाचं तेल. बाबा उतरून आले, पिस्टन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना वाफेची भानगड सांगितली. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तेव्हा पाय ठीक होता?"

सिलिंडरला खड्डे नव्हते, नाहीतर बदलावाच लागला असता. बारीक पॉलिश पेपर मारला, ब्रेक ऑइलनेच धुतला (रॉकेल लागलं की रबर फुगतं), चारही चाकांना नवी रबरं टाकली, सगळं तेल बदललं, हवा काढली. कॉलनीत दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहिले.

असो. गाडी चालो वा न चालो, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

संध्याकाळी बाबा चपला सोडून बूट घालून खाली आले. "घाट नको इतक्यात," म्हणाले, "गंगापूर रोडपर्यंत जाऊ. किल्ली दे."