परक्याच्या हातचें विमान

बाजारांत माठ घ्यावयास गेलेला मनुष्य आधीं तो बोटानें वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर पैसे देतो. बद्द वाजला तर पुढल्या दुकानीं जातो. आकाशांत नेणारें विमानहि असेंच वाजवून घ्यावयाचें असतें, असें कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं तें थट्टेवारी नेलें असतें. परंतु कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं घरीं बांधलेलें जुनें विमान विकत घ्यावयाचें मनावर घेतलें, आणि तें पाहावयास जातांना वहिनींबरोबर आम्हांसहि नेलें. तेव्हां हा विषय आम्हांस थोडासा समजला.

अमेरिकेंत हौशी माणसास स्वतःचें विमान बांधण्याची कायद्यानें मोकळीक आहे. अट एवढीच कीं, बांधणीचें बहुतांश काम हौसेनें किंवा शिकण्याच्या इच्छेनें केलेलें असावें. बर्ट रुटान या कल्पक गृहस्थांनीं मोहावीच्या वाळवंटांत १९७५ सालीं 'व्हॅरी-ईझी' व १९७९ सालीं 'लाँग-ईझी' हीं विमानें उडविलीं, आणि त्यांचे नकाशे विकावयास काढले. फोमचे ठोकळे तापल्या तारेनें कापावे, त्यांवर कांचतंतूंचें कापड पसरून इपॉक्सी राळ चोपडावी, कीं पंख तयार! सांचा नको, कारखाना नको. मोटारीची खोली पुरे. नकाशांची विक्री १९८५ सालीं थांबली, आणि तेव्हां बांधलेलीं कित्येक विमानें पुढें दुसऱ्या-तिसऱ्या धन्याकडे गेलीं. आमचे स्नेही पाहत होते तें अशांपैकींच एक होतें.

त्यांच्यासाठीं विमान तपासणारे वृद्ध कारागीर खिशांतून एक नाणें काढून पंखावर टिचक्या मारीत चालले. जेथें कापड व फोम एकजीव असतात तेथें आवाज स्वच्छ येतो. जेथें ते आंतून सुटले तेथें तो मंद होतो. धातूचा रोग अंगावर दिसतो. तो गंजतो, त्यास पोचा पडतो. कांचतंतूंचें विमान मात्र दुखणें पोटांत ठेवतें, आणि नवा रंग दिला कीं तें अधिकच लपतें. तो रंगहि पांढराच असावा लागतो, कारण गडद रंगाचें विमान उन्हांत तापतें आणि तापल्यानें राळ मऊ पडते. मग वजनकांटा आला. गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर मागें गेला तर हें विमान आवरत नाहीं, म्हणून जुन्या कागदांवर विसंबून चालत नाहीं. पेट्रोलच्या टाक्याहि त्याच राळेच्या. मद्यार्कमिश्रित पेट्रोलानें कांहीं राळा खराब होतात, म्हणून गाळणींत काय सांचलें आहे तें त्यांनीं बारकाईनें पाहिलें.

यापुढें ते ज्या गोष्टीपाशीं फार वेळ थांबले ती होती पेट्रोलची तोटी. तिचें कारण त्यांनीं सांगितलें तें असें: प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनीं एक जुनें लाँग-ईझी घेतलें, आणि तें ताब्यांत आल्यावर दुसऱ्याच दिवशीं, १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं, ते माँटेरे उपसागराच्या कांठीं समुद्रांत कोसळून मरण पावले. बांधणाऱ्यानें टाकी बदलण्याची तोटी नकाशांत दाखविल्या जागीं न बसवितां वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती. टाकींत पेट्रोल थोडें. तोटी फिरविण्यासाठीं अंग मुरडावें लागे. त्या धडपडींत उजव्या पायाखालीं सुकाणूची पट्टी दाबली गेली आणि विमान आवरलें नाहीं, असा निष्कर्ष चौकशींत निघाला. बांधणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. त्याच्या शरीरास जी जागा संवयीची होती ती दुसऱ्याच्या शरीरास ठाऊक नव्हती, इतकेंच.

हें ऐकून वहिनी स्तब्ध झाल्या. थोड्या वेळानें त्यांनीं आम्हांस हळूच विचारलें, "भावजी, ज्यानें हें बांधलें त्यानें आपल्या बायकोला यांत बसवलं होतं का हो?"

उत्तर नोंदवहींत सांपडलें. बांधणारे गृहस्थ निवर्तले होते. त्यांच्या कन्येनें त्यांच्या वह्या व छायाचित्रें पुढें ठेवलीं. एकदां बंद केलेल्या पंखांत डोकावतां येत नाहीं, म्हणून हीं छायाचित्रें म्हणजेच विमानाचें अंतरंग. एकांत त्यांच्या पत्नी कापड कापीत होत्या. पुढें उड्डाणांच्या यादींत त्यांचें नांव वारंवार होतें. पण आमच्या स्नेह्यांस धीर आला तो एका साध्या नोंदीनें. राळेचें मिश्रण बिघडल्याची शंका आल्यावरून पंखावरचें संबंध आठवड्याचें काम खरवडून काढून नव्यानें केल्याचें तींत लिहिलें होतें. कोणी पाहणारें नसतां ज्यानें आपली चूक लिहून ठेवली, त्याच्या न दिसणाऱ्या कामावरहि भरंवसा ठेवावा, असें आम्हां सर्वांस वाटलें. व्यवहार ठरला.

मात्र एक गोष्ट त्या व्यवहारांत आली नाहीं. बांधणाऱ्यास आपल्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा दाखला मिळूं शकतो. विकत घेणाऱ्याकडे तो जात नाहीं. किरकोळ दुरुस्ती धन्यानें खुशाल करावी, पण दर बारा महिन्यांच्या तपासणीवर सही परवानाधारक कारागिराचीच हवी. विमान विकतां येतें, जाणतेपण विकतां येत नाहीं.

तें जाणतेपण आमचे स्नेही आतां सावकाश मिळवीत आहेत. रविवारीं ते हातांत नाणें घेऊन पंखांभोवतीं फिरतात, आणि लहानसा स्क्रू बदलला तरी तारीख घालून लिहून ठेवतात. वहिनी कधीं हंसून म्हणतात, "इतकं लिहायचं कशाला?" त्यावर त्यांचें उत्तर आम्हांस फार आवडतें: "पुढं हें ज्याच्याकडे जाईल, तो मला ओळखत नसेल."