पाण्याचा रिपोर्ट आहे का?

ट्रायथलॉनच्या खर्चातला सगळ्यात सरळ आकडा म्हणजे एन्ट्री फी. ती वेबसाइटवर ठळक लिहिलेली असते. बाकीचे आकडे आपले आपण शोधायचे. मी नेरुळला राहतो, महाप्याला एका कंपनीत कोड लिहितो, आणि गेली तीन वर्षं जून-जुलैत पाऊस पडायला लागला की पुढच्या मोसमात कुठल्या स्पर्धेला जायचं याची एक्सेल शीट उघडून बसतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि घड्याळ मध्ये थांबत नाही. ऑलिम्पिक अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. गोव्यात २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली ती आयर्नमॅन ७०.३ याहून मोठी: १.९, ९० आणि २१.१. आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "आणि पैसे ते देतात का तू?"

तर गोवा. फी पाच आकडी. स्पर्धा रविवारी, पण सायकल शनिवारीच जमा करायची, त्याआधी नोंदणी, म्हणून शुक्रवारची रजा. रविवारी रात्री त्या पायांनी ट्रेनचा डबा चढवत नाही, म्हणून सोमवारची रजा. म्हणजे तीन रात्री. पोहणं मिरामारच्या किनाऱ्यावर, त्यामुळे चालत जाता येईल असं हॉटेल पाहिजे, आणि ही गोष्ट पणजीतल्या हॉटेलवाल्यांनाही माहीत असते. म्हापशाला किंवा मडगावला खोली स्वस्त पडते, पण पहाटे चारला सायकलचा पंप आणि केळी घेऊन तिथून येणार कसे? रस्तेही शर्यतीसाठी बंद होत जातात. तिघांनी मिळून जवळची खोली घेणं हेच शेवटी स्वस्त पडतं, फक्त तिघांपैकी एकही घोरणारा नको.

सायकल कोकणकन्येनं पाठवायची तर पनवेलला पार्सल ऑफिस. तिथले काका फॉर्म भरताना विचारतात, "किंमत काय लिहू?" मी घरी सांगितलेली किंमत सांगतो.

दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाशेजारच्या राजाराम तलावात पोहायचं. कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी पकडायची किंवा चौघांनी मिळून गाडी काढायची. राहायला माझी आत्या आहे, त्यामुळे शीटमध्ये त्या रकान्यात शून्य. मात्र आदल्या रात्री आत्यासमोर तांबडा-पांढरा नको म्हणायचं आणि साधा वरणभात मागायचा याची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

लॉजवर राहायचं असेल तर माझे फोनवरचे प्रश्न ठरलेले आहेत. सायकल खोलीत नेऊ देता का? पहाटे साडेतीनला खालचं शटर उघडेल का? चहा मिळेल का? बहुतेक मॅनेजर पहिल्या प्रश्नाला अडतात. "सायकल पार्किंगला लावा ना साहेब, वॉचमन आहे." त्याला सायकलची खरी किंमत सांगावी तर तो भाडं वाढवेल, न सांगावी तर सायकल पावसात.

इथपर्यंत सगळं पैशाचं. पैशाचं उत्तर निघतं: फोन विकत नाही घ्यायचा, दिवाळीचा बोनस बाजूला ठेवायचा. माझ्या शीटमधला जो रकाना तीन वर्षं रिकामाच राहतोय तो पाण्याचा.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा रूममेट एका तलावातल्या स्पर्धेला गेलो होतो. आदल्या दोन दिवशी अवकाळी पाऊस झालेला. पाणी चहासारखं, कडेला एक नाला येऊन मिळत होता. मला ऑफिसमधून ऐनवेळी फोन आला म्हणून मी काठावर लॅपटॉप उघडून बसलो, तो उतरला. सोमवारी जुलाब, मंगळवारी ताप, बुधवारी सलाईन. डॉक्टरांनी तलावात पोहलात का विचारून लेप्टोची तपासणीही करायला लावली. ती निगेटिव्ह आली. बिल एन्ट्री फीच्या कितीतरी पट.

पाण्यामुळेच झालं हे सिद्ध करता येत नाही हे मला कळतं. त्यानं वाटेत मिसळही खाल्ली होती. पण आमच्या ग्रुपमधल्या बारा जणांपैकी पाच जण त्या आठवड्यात आडवे होते, आणि मिसळ त्या एकट्यानंच खाल्ली होती. बग शोधताना आम्ही एवढ्यावरून कुठे बघायचं ते ठरवतो.

मी आयोजकांना मेल केला: पाण्याची तपासणी केली होती का, कधी, रिपोर्ट मिळेल का? उत्तर व्हॉट्सॲपवर आलं. "पाणी एकदम क्लीन आहे सर, लोकल मुलं रोज पोहतात."

मीही लोकल मुलगाच होतो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकानं मळ्यातल्या विहिरीत ढकललं आणि मी पोहायला शिकलो. पाण्याची परीक्षा डोळ्यांनी व्हायची, तळ दिसला की पाणी चांगलं. उन्हाळ्यात घरात कुणा ना कुणा पोराचं पोट बिघडलेलंच असायचं, आणि आजी त्याचा दोष कैरीला द्यायची. लोकल मुलांना जुलाब होत नाहीत असं नाही. त्यांचे जुलाब कुणी ग्रुपवर टाकत नाही.

तळ दिसणं आणि पाणी स्वच्छ असणं यांचा फारसा संबंध नाही. मोजायचे असतात जिवाणू, आणि ते मोजण्याची पद्धत काही गूढ नाही. मलमूत्र मिसळल्याची खूण म्हणून ई. कोलाय मोजतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मिलीलिटर पाण्यात १००० ही मर्यादा होती. सीन नदी स्वच्छ करायला सुमारे १४० कोटी युरो ओतूनही पावसानंतर आकडे चढले आणि ३० जुलै २०२४ ची पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे गेली. तेव्हा आपल्याकडे मीम्सचा पूर आला होता. मला मात्र हेवा वाटला. कारण पुढे ढकलायला आधी मोजावं लागतं. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये संडरलंडच्या समुद्रातल्या स्पर्धेनंतर ५७ जण आजारी पडल्याची नोंद झाली होती. तिथे नोंद करणारं कुणीतरी होतं.

आपल्याकडे निकष नाहीत असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर अंघोळीचं पाणी 'ब' वर्गात येतं, आणि त्यात एकूण कोलिफॉर्म १०० मिलीलिटरला ५०० च्या आत हवेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या, खाड्या, किनाऱ्यांवर ठरावीक जागी नमुने घेऊन आकडे प्रसिद्ध करतं. प्रश्न इतकाच की स्पर्धेचा तलाव त्या ठरावीक जागांत असेलच असं नाही, आणि गेल्या महिन्याचा आकडा परवाच्या पावसाबद्दल काही सांगत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मीच एका तलावाचं पाणी तपासलं. तुर्भ्याच्या एका लॅबनं निर्जंतुक बाटली दिली आणि बजावलं: झाकण पाण्याजवळ गेल्यावरच उघडा, तोंडाला बोट लावू नका, फूटभर खोल बुडवून भरा, वर थोडी हवा राहू द्या, बर्फात ठेवा, सहा तासांत आणा. थर्माकोलच्या डब्यात कुल्फीसारखी ती बाटली मांडीवर घेऊन मी एक्सप्रेस-वेनं आलो. दीड हजार रुपये, चार दिवस. आकडा 'ब' वर्गात बसण्याच्या जवळपासही नव्हता. मी त्या स्पर्धेला गेलो नाही. फी परत मिळाली नाही, तशी अटच होती.

मग कुठे पोहायचं? माझ्या घरापासून ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ पासून रामसर यादीत आहे, हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो येतात, पामबीच रोडवर सायकल चालवताना कडेला कॅमेरेवाल्यांची रांग दिसते. पण त्या पाण्यात उतरायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. आम्ही क्लोरीनच्या तलावात पंचवीस मीटर जातो, वळतो, परत येतो.

डिसेंबरात मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते. ट्रायथलॉन नव्हे, नुसतं पोहणं. फी परवडणारी, राहायला एका घरगुती निवासात खोली. तिथल्या वहिनींना मी पाण्याचं विचारलं तर त्यांनी नाला कुठे मिळतो, भरती कधी, पाऊस झाल्यावर किती दिवस त्या स्वतः मुलांना सोडत नाहीत, सगळं सांगितलं. हा रिपोर्ट नव्हे. पण कुठल्याही आयोजकानं मला यापेक्षा जास्त सांगितलेलं नाही.

यंदा मी सहा स्पर्धांना तोच मेल पाठवला. तिघांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी लोकल मुलांचा दाखला दिला. एकानं दोन पानांची पीडीएफ पाठवली, लॅबचा शिक्का, नमुना घेतल्याची तारीख, ठिकाण, आकडा. तीच स्पर्धा सगळ्यात महाग होती, आणि तिथे आत्याही राहत नाही. फी भरली. माझ्यासारख्याला बोनस आहे म्हणून हे जमतं. ग्रुपमध्ये दोन जण कुरियरचं काम करतात, एक जण पोलीस भरतीची तयारी करतोय. त्यांची पहिली स्पर्धा स्वस्तातलीच असणार, आणि स्वस्तातल्या स्पर्धेचा रिपोर्ट नसतो.

रूममेट त्याच जुन्या तलावात परत उतरणार आहे. त्याला वेळ सुधारायची आहे, शिवाय लवकर नोंदणी केल्यामुळे फी कमी पडली. आमचं यावर भांडण झालं. शेवटी त्यानं लॅबची बाटली मागून घेतली. रिपोर्टला चार दिवस लागतात, म्हणून तो आदल्या रविवारी बाइकनं जाऊन नमुना आणणार आहे. पेट्रोल अर्धं माझं.